जरा : कालकृत आणि अकालकृत



मठाच्या वर्धापनोत्सवात वार्धक्याचा विषय निघणे काहींस अप्रासंगिक वाटण्याचा संभव आहे. उत्सव हा वृद्धीचा आणि जरा ही क्षयाची, असा सामान्य समज आहे. तथापि ज्या दिवशी एखादी संस्था स्वतःच्या वयाची वर्षे मोजते, त्या दिवशी तिच्या छायेत वृद्ध झालेल्या माणसांचाही हिशेब तिने घ्यावा, ह्यात अनुचित असे काहीच नाही. जांबोटी आणि भोवतालची रानाकाठची गावे ह्यांची स्थिती सर्वांच्या परिचयाची आहे. हातीपायी धड असलेली मुले पोटामागे बेळगाव, गोवे, पुणे येथे जातात. मागे राहतात ती घरे, आणि ती घरे राखणारी म्हातारी माणसे. त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करावी, तर बहुधा एकच उत्तर मिळते : “वय झालं, आता चालायचंच.” हे उत्तर ऐकून विचारणारा गप्प बसतो, आणि सांगणाऱ्याचेही समाधान झाल्यासारखे दिसते. परंतु ह्या उत्तरात खरे किती आणि खोटे किती, ह्याचा निवाडा करणे अवश्य आहे. तो निवाडा कसा होतो, हाच ह्या व्याख्यानाचा विषय होय.

प्राचीनांनी जरेचा विचार शेवटी उरलेली बाब म्हणून केलेला नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायन हे स्वतंत्र अंग मानिले आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाध्यायाने होतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील विवेचन तर ह्याहूनही सूक्ष्म आहे. तेथे व्याधींचे सात प्रकार सांगितले असून सातव्या प्रकारास स्वभावबलप्रवृत्त असे नाव दिले आहे. भूक, तहान, निद्रा, जरा आणि मृत्यू ही त्याची उदाहरणे होत. येथवर वाचून कोणी म्हणेल, “पाहा, जरा ही स्वाभाविक आहे असे शास्त्रच सांगते; मग तिच्यावर उपाय तो कसला?” परंतु सुश्रुत तेथे थांबत नाही. ह्या स्वाभाविक व्याधींचेही तो दोन भेद करितो. शरीराचे यथायोग्य रक्षण केले असताही ज्या येतात त्या कालकृत. रक्षण न केल्यामुळे ज्या येतात त्या अकालकृत. म्हणजे जरा एकच नसून दोन आहेत. एकीपुढे नम्र व्हावे. दुसरीस मात्र दारातच अडवावे. “चालायचंच” हा शब्द पहिलीच्या बाबतीत वैराग्य ठरतो. दुसरीच्या बाबतीत तोच शब्द निव्वळ उपेक्षा ठरतो.

भेद सांगणे सोपे; ओळखणे कठीण. समोर बसलेल्या सत्तर वर्षांच्या गृहस्थास कमी दिसते, जिना चढताना धाप लागते, नावे आठवत नाहीत. ह्यांतील कालकृत कोणते आणि अकालकृत कोणते, हे एका भेटीत कोण सांगू शकेल? मलप्रभेचे उदाहरण घ्यावे. कणकुंबीस उगम पावलेली ही नदी कोणी एकदाच, श्रावणात पाहिली, तर तो तिला महानदी म्हणेल; दुसऱ्याने एकदाच, चैत्रात पाहिली, तर तो तिला ओहोळ म्हणेल. दोघांनीही डोळ्यांनी पाहिले ते खरे, परंतु नदी दोघांसही कळली नाही. काठी बसून वर्षामागून वर्षे पाणी मोजणाऱ्यासच ती कळते. माणसाच्या वार्धक्याचेही असेच आहे.

येथे आणखी एक फसगत संभवते. पन्नाशीची शंभर माणसे आणि ऐंशीची शंभर माणसे एकाच दिवशी तपासली, आणि दोहोंतील अंतर काढले, की वयाचा परिणाम कळला असे वाटते. पण ऐंशीच्या बाईंच्या लहानपणी गावात शाळा नसेल, दुष्काळाने कोठार रिकामे असेल, देवीच्या साथीने घर झडलेले असेल. पन्नाशीच्या बाईंचे लहानपण निराळ्या काळात गेलेले असते. मग दोघींच्या स्मरणशक्तीत दिसलेले अंतर वयाचे, की शाळेचे, की अन्नाचे? हे एका दिवसाच्या तपासणीने उलगडत नाही. तीच बाई पन्नासाव्या, साठाव्या, सत्तराव्या वर्षी पुनः पुनः भेटली, तरच तिचे स्वतःचे अंतर मोजिता येते. ह्याच विचाराने गेल्या शतकात दीर्घकालीन संशोधनाची परंपरा निर्माण झाली. तिचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर, त्याच माणसाकडे, तेच प्रश्न घेऊन, पुन्हा जाणे.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात फ्रॅमिंगहॅम नावाचे एक लहान शहर आहे. तेथील ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी १९४८ साली सुरू झाली, आणि दर दोन वर्षांनी त्यांस पुनः बोलावण्यात येऊ लागले. त्या काळी वयाबरोबर रक्तदाब वाढणे हा देहाचा धर्मच होय, अशी समजूत डॉक्टरांतही रूढ होती. वयाच्या आकड्यात शंभर मिळवावे आणि तेवढा रक्तदाब चालायचाच, असा ठोकताळा होता. म्हणजे सत्तरीच्या माणसाचा रक्तदाब १७० असला तरी कोणी चिंता करीत नसे. गावातील म्हातारी माणसे जे म्हणतात तेच, केवळ आकड्यांच्या भाषेत! फ्रॅमिंगहॅमच्या वह्यांत मात्र वर्षानुवर्षे निराळेच चित्र उमटत गेले. ज्यांचा रक्तदाब अधिक, त्यांनाच पुढे हृदयविकार आणि पक्षाघात अधिक प्रमाणात होऊ लागले, आणि म्हातारपणही ह्यास अपवाद ठरले नाही. पुढे १९९१ साली साठ वर्षांवरील ४,७३६ व्यक्तींवर झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वरचा रक्तदाब औषधाने खाली आणिला असता पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटते, असे त्यात सिद्ध झाले. जे कालकृत म्हणून सोडून दिले होते, त्याचा मोठा भाग अकालकृत निघाला. सुश्रुताच्या भेदाची ह्याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

फ्रॅमिंगहॅमचे काम पहिल्या पिढीबरोबर संपले नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. १९७१ पासून त्या लोकांची मुले आणि २००२ पासून नातवंडे ह्या तपासणीत आली. संशोधकही बदलत गेले; पहिल्यांनी लिहिलेली वही दुसऱ्यांनी उघडली, दुसऱ्यांची तिसऱ्यांनी. दरम्यान १९५८ साली बाल्टिमोर येथे निरोगी माणसांच्या वार्धक्याचाच दीर्घ अभ्यास सुरू झाला. सर्व माणसे सारख्या गतीने म्हातारी होत नाहीत, आणि एकाच माणसाची सर्व इंद्रियेही एका गतीने थकत नाहीत, हे त्यातून उत्तरोत्तर स्पष्ट होत गेले.

मठाच्या भक्तांस विशेष जवळचे वाटेल असे एक उदाहरण ख्रिस्ती संन्यासिनींचे आहे. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ ह्या संघातील वृद्ध संन्यासिनींचा अभ्यास डेव्हिड स्नोडन ह्या संशोधकाने १९८६ साली आरंभिला. पंचाहत्तरीपुढील ६७८ संन्यासिनींनी त्यास संमती दिली. संन्यासिनीच का निवडल्या? एकच निवास, एकच पंक्ती, एकच दिनचर्या, विवाह नाही, व्यसन नाही; म्हणून इतर माणसांत जे शंभर फरक असतात ते येथे आपोआप कमी होतात. शिवाय त्यांच्या मठाने एक गोष्ट जपून ठेविली होती. व्रत घेण्यापूर्वी, म्हणजे सुमारे बाविसाव्या वर्षी, प्रत्येकीने स्वहस्ते लिहिलेले लहानसे आत्मचरित्र दप्तरात होते. सहा दशकांनी ते कागद बाहेर काढण्यात आले. ज्यांच्या तरुणपणच्या लेखनात विचारांची दाटी अधिक, त्यांच्यात उतारवयात स्मृतिभ्रंश कमी आढळला. १८० संन्यासिनींच्या लेखनाचे आणखी एक परीक्षण २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांच्या लेखनात कृतज्ञता, आनंद, आशा ह्या भावना अधिक, त्यांचे आयुष्य अधिक दीर्घ असल्याचे दिसले. ह्या संन्यासिनींनी देहान्तानंतर स्वतःचे मेंदूही अभ्यासासाठी दान केले. काहींच्या मेंदूत रोगाच्या खुणा विपुल होत्या, आणि तरीही जिवंतपणी त्यांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती. रोग असूनही रोग जाणवू न देणारे काही बळ मनुष्य आयुष्यभर साठवीत असावा, ह्या विचारास त्यामुळे पुष्टी मिळाली. मात्र तरुणपणचे समृद्ध लेखन हे त्या बळाचे कारण, की रोगाचा सूक्ष्म आरंभच तारुण्यात झालेला असून साधे लेखन हे त्याचे पहिले चिन्ह, ह्याविषयी मतभेद आहेत.

हा शेवटचा विवेक पाठशाळांनी विशेष ध्यानात ठेवावा. २०१६ साली जेम्स हार्टझेल ह्यांच्या एका संशोधनाचा पुष्कळ बोलबाला झाला. शुक्ल यजुर्वेद कंठस्थ असलेल्या २१ तरुण पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रे हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्रात घेण्यात आली, आणि तितक्याच इतर तरुणांच्या मेंदूंशी त्यांची तुलना करण्यात आली. स्मृती आणि भाषा ह्यांच्याशी संबद्ध असे काही भाग पंडितांच्या मेंदूत अधिक मोठे आढळले. वेदपठणाने मेंदू वाढतो आणि म्हातारपणी स्मृती टिकते, असे त्यावरून ठिकठिकाणी सांगण्यात येते. परंतु श्रद्धा बळकट असेल तर तिला कच्च्या पुराव्याचा टेकू लागत नाही. ती तुलना एकवेळची होती. पठणाने मेंदू घडला, की तसा मेंदू असलेले विद्यार्थीच दशग्रंथांच्या कष्टात टिकले, हे त्यातून ठरत नाही. आणि ते पंडित तरुण असल्याने म्हातारपणाविषयी तर ते काहीच सांगत नाही. त्याच विद्यार्थ्यांस पहिल्या संथेपासून साठीपर्यंत पाहत गेले, तरच उत्तर मिळेल. न्यायशास्त्र शिकणाऱ्याने व्याप्ती सिद्ध झाल्यावाचून अनुमान करू नये. तो दंडक येथेही लागू आहे.

भारतात हे काम उशिरा सुरू झाले, परंतु सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत पन्नाशीपुढील माणसांचा जो अभ्यास २००७ ते २०१० ह्या काळात केला, त्यात भारतातील सहा राज्ये होती, आणि कर्नाटक व महाराष्ट्र ही दोन्ही त्यांत होती. पुणे जिल्ह्यातील वढू येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून २२ गावांतील घराघरांची नोंद ठेवीत आले आहे, आणि त्या गावांतील वृद्धांचीही विचारपूस ह्याच अभ्यासाच्या धर्तीवर करण्यात आली. त्यानंतरचा मोठा उद्योग मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने हाती घेतला. परदेशांतील दोन विद्यापीठांच्या सहकार्याने चाललेल्या ह्या अभ्यासाची पूर्वचाचणी २०१० साली चार राज्यांतील १,६८३ व्यक्तींवर झाली, आणि त्या चारांत कर्नाटक होते. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षांपुढील व्यक्ती आणि त्यांचे पतिपत्नी मिळून ७२,२५० जणांची भेट घेण्यात आली. त्यांत ३१,४६४ जण साठीपुढील होते. पंचवीस वर्षे त्याच माणसांकडे पुनः पुनः जावे, अशी ह्या अभ्यासाची योजना आहे.

आरंभ साठीपासून न करिता पंचेचाळीसपासून का केला, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. उत्तर असे की, म्हातारपण म्हातारपणी सुरू होत नाही. साठीत दिसणारा मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज ह्यांचे बीज चाळिशी-पंचेचाळिशीतच पडलेले असते. पीक दिसू लागल्यावर पेरणीचा दिवस शोधणे व्यर्थ होय. तेव्हा मंडपात बसलेल्या प्रौढांनी हा विषय वडीलमंडळींचा म्हणून कान काढून घेऊ नये.

पहिल्या फेरीचा वृत्तान्त जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढील शंभरांत पंचाहत्तर जणांस कोणता ना कोणता जुनाट विकार आहे, असे त्यात आढळले. हा आकडा मोठा असला तरी अनपेक्षित नाही. खरा हादरा देणारा आकडा लहान आहे. साठीपुढील किती जणांस डॉक्टरांनी विषादाचा विकार असल्याचे सांगितले होते? हजारांत आठ. आणि विधिपूर्वक प्रश्न विचारून पाहिल्यावर किती जणांत त्या विकाराची लक्षणे मिळाली? हजारांत त्र्याऐंशी. म्हणजे उघड झालेल्या एका दुःखामागे सुमारे नऊ दुःखे झाकलेली. घास गोड लागत नाही, झोप येत नाही, कशातच मन रमत नाही. हे सर्व ज्या घरात घडते, त्या घरात त्याला “वय झालं” एवढेच नाव असते. सुश्रुताने स्वस्थ पुरुषाच्या लक्षणांत दोष, अग्नी आणि धातू ह्यांच्या साम्याबरोबर आत्मा, इंद्रिये आणि मन ह्यांची प्रसन्नताही गणिली आहे. मन विझलेला वृद्ध हा शास्त्राच्या दृष्टीने अस्वस्थच होय, मग त्याची नाडी कितीही चांगली चालो.

दृष्टीचेही तसेच. २०१५ ते २०१९ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वापैकी ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूने आलेले आढळले. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो, हे आता कोणास सांगावयास नको. तरीही जी आजी ओसरीवर भिंत चाचपीत बसते, तिचे आंधळेपण घरच्यांनी प्राक्तनाच्या खाती मांडलेले असते. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तर नवीन ज्ञान अधिक आशादायक आहे. २०२४ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली, आणि ती सर्व दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाचे जवळजवळ निम्मे प्रसंग टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा अंदाज केला. बहिरेपण, मंद दृष्टी, रक्तदाब, तंबाखू, एकाकीपणा ही त्यांतील काही कारणे होत. ह्यांतील एकही असे नाही की ज्यापुढे खेडेगावाने हात टेकावे.

भारतीय अभ्यासातूनच निवडलेल्या साठीपुढील ४,०९६ व्यक्तींची स्मृतिभ्रंशासाठी सखोल तपासणी झाली. त्यावरून देशात साठीपुढील शंभरांत सुमारे सात जणांस हा विकार असल्याचे अनुमान निघाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आढळले. कर्नाटकातच, कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने जानेवारी २०१८ पासून दीर्घ अभ्यास आरंभिला. पंचेचाळिशीपुढील १०,००० ग्रामस्थांस त्यात घ्यावे असा संकल्प आहे. शेतकरी कुटुंबांतील माणसांचे वार्धक्य समजून घेण्याचा असा प्रयत्न ह्या राज्यात व्हावा, ही समाधानाची गोष्ट होय.

मात्र असे कार्य सीमाभागात करावयाचे झाल्यास एक अडचण आधी ओळखली पाहिजे, आणि ती भाषेची. स्मृतीची परीक्षा प्रश्न विचारून होते. जी भाषा घरात नाही त्या भाषेतील शब्द कोणी उच्चारले, आणि पाच मिनिटांनी ते परत सांगावयास सांगितले, तर जन्मभर मराठी बोललेली आजी अडखळेल. तसेच मराठी प्रश्नापुढे कन्नड बोलणारे अज्ज अडखळतील. तो दोष प्रश्नाचा, पण कागदावर नोंद होईल ती त्यांच्या बुद्धीच्या दौर्बल्याची. अक्षराचेही असेच आहे. जिला लिहिता येत नाही तिला वाक्य लिहावयास सांगून काय साधणार? हे ओळखूनच हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामस्थांसाठी हिंदी प्रश्नावली मुद्दाम निराळी घडविण्यात आली. आजची तारीख विचारता जी आजी गप्प राहते, तीच एकादशी किती दिवसांवर आली हे अचूक सांगते. तिची स्मृती गेलेली नाही. विचारणाऱ्याचे पंचांग तिच्या पंचांगाशी जुळले नाही, एवढेच. दोन्ही भाषा ज्याच्या अंगणात सुखाने नांदतात, त्या मठास ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ह्यावरून मठाच्या कर्तव्याकडे वळणे स्वाभाविक आहे. दीर्घ अभ्यासाचा मोठा शत्रू म्हणजे खंड. अनुदान संपते, अधिकारी बदलतो, घर सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता लागत नाही. त्यास हवी ती परंपरा. आणि परंपरा ही तर मठाची मूळ संपत्ती. एका पिढीने लावलेला नंदादीप दुसरीने तेल घालून तेवत ठेवावा, हे ज्यांच्या अंगवळणी पडलेले आहे, त्यांनी एक साधी वही तशीच जपणे अवघड नाही. दर वर्धापनोत्सवास, पंचेचाळिशीपुढील जी माणसे इच्छेने पुढे येतील, त्यांची तीच चौकशी त्यांच्याच भाषेत करावी. दिसते कसे, ऐकू येते कसे, रक्तदाब किती, वर्षभरात पडणे झाले का, ठराविक अंतर चालण्यास किती वेळ लागला, झोप आणि भूक कशी आहे, आणि गेल्या आठ दिवसांत कोणाशी मनमोकळे बोलणे झाले का, एवढे प्रश्न पुरेत. वजन आणि रक्तदाब शिकलेल्या हाताने मोजावा. जे लिहिले ते गुप्त ठेवावे. कोणाच्या दुःखाचे वाचन चव्हाट्यावर होऊ नये. गेल्या वर्षीपेक्षा ज्याचे पान उतरलेले दिसेल, त्यास सरकारी दवाखान्यापर्यंत सोबत द्यावी. अशी वही म्हणजे शास्त्रीय संशोधन नव्हे, आणि तसा दावाही कोणी करू नये. परंतु संशोधनाने शिकविलेले मर्म, म्हणजे त्याच माणसाकडे पुन्हा जाणे, तिच्यात पुरते उतरेल.

सेवेचा अर्थ पाणी देणे, पाय चेपणे एवढाच घेण्याची रूढी आहे. त्या सेवेचे मोल थोर आहेच. पण कालकृत काय आणि अकालकृत काय हे पारखून घेणे, हीही सेवाच. आणि ती डोळे उघडे ठेवून करावी लागते. जे अटळ आहे ते शांतपणे सोसण्याचे बळ श्रीगुरुकृपेने वृद्धांस लाभो. जे टळण्यासारखे आहे ते मात्र त्यांनी सोसावे, अशी अपेक्षा त्यांच्या मुलांनी, सुनांनी आणि शिष्यांनी करू नये. पुढील वर्धापनोत्सवात प्रत्येक घराने एवढाच हिशेब द्यावा, की गेल्या वर्षी ज्यास “चालायचंच” म्हणून सोडून दिले होते, त्यांतील कोणते दुःख यंदा चालू दिले नाही.